अर्ध्या दक्षिणेचा अधिकारी

नैयायिक आणि मीमांसक यांच्यात शतकानुशतके चाललेल्या वादांपैकी एक वाद वरवर पाहता इतका क्षुल्लक वाटतो की, पाठशाळेत 'मुक्तावली' शिकणाऱ्या विद्यार्थ्याने तो परीक्षेपुरता घोकावा आणि पुढे खुशाल विसरून जावा. अग्नी जाळतो, हे उभय पक्षांस मान्य आहे. परंतु चंद्रकांत मणी जवळ ठेवला असता तोच अग्नी जाळीत नाही, आणि मणी दूर केला, किंवा मणी तसाच राहू देऊन त्याच्या जोडीस 'उत्तेजक' असा दुसरा मणी आणला, की तो पूर्ववत जाळू लागतो, अशी एक जुनी समजूत दोघांनीही उदाहरणादाखल गृहीत धरलेली आहे. असा मणी कोणी डोळ्यांनी पाहिला होता काय, ही पृच्छा येथे गैरलागू होय. मीमांसक म्हणतो की, अग्नीच्या ठायी दाहशक्ती नावाचा एक स्वतंत्र पदार्थ असतो. मणी तिचा नाश करतो आणि उत्तेजक ती पुन्हा उत्पन्न करतो. नैयायिकाला हे शक्तीचे लोढणे गळ्यात बांधून घ्यावयाचे नाही. अग्नी होता तसाच आहे, प्रतिबंधकाचा अभाव हेही दाहाचे एक कारण मानले म्हणजे भागते, आणि क्षणोक्षणी नव्या शक्ती जन्मास घालून त्यांचे नाश मोजीत बसण्याचा गौरवदोष आपोआप टळतो, असे त्याचे म्हणणे.

हा केवळ पंडितांचा शब्दच्छल आहे, असे जर कोणी म्हणेल तर ते मला मान्य होणार नाही. कारण या वादाच्या मुळाशी 'कारण कोणाला म्हणावे' हा प्रश्न आहे, आणि त्याविषयी न्यायशास्त्राने मोठी मार्मिक व्यवस्था लावून ठेवली आहे. घट उत्पन्न होण्यापूर्वी कुंभार असतो, चाक असते, दंड असतो. परंतु त्यापूर्वी कुंभाराचा बापही असतो आणि माती वाहून आणणारे गाढवही असते. बाप नसता तर कुंभार नसता हे उघड असूनही त्याला घटाचे कारण म्हणावयाचे नाही. तो अन्यथासिद्ध, म्हणजे हजर असूनही हजेरीपटावर नसलेला. गाढवाचीही तीच वासलात. संसारात, समाजात आणि धर्मात श्रेयाची व दोषाची जी वाटणी होते ती अखेर याच निवाड्यावर उभी असते की, कोणाची कारण म्हणून दप्तरी नोंद करावयाची आणि कोणाला कुंभाराच्या बापाच्या पंक्तीस बसवावयाचे. या निवाड्याची कसोटी घेण्यास मनुष्याच्या यकृतात अहोरात्र चालणारा एक व्यवहार मला विशेष सोईचा वाटतो.

कोपनहेगन येथे हेन्रिक डाम हे १९२९ च्या सुमारास कोंबडीच्या पिलांना मेदविरहित अन्नावर वाढवून कोलेस्टेरॉलचा अभ्यास करीत असता, त्या पिलांच्या कातडीखाली व स्नायूंत रक्तस्राव होतो आणि त्यांचे रक्त साकळावयास फार वेळ लागतो, असे त्यांच्या ध्यानात आले. मेदाबरोबर अन्नातून आणखीही काही निघून गेले होते, आणि त्या अज्ञात द्रव्याला त्यांनी १९३५ मध्ये, रक्त साकळण्याच्या क्रियेला जर्मन व स्कँडिनेव्हियन भाषांत जो शब्द आहे त्याचे आद्याक्षर घेऊन, के हे नाव दिले. अमेरिकेत सेंट लुई येथे एडवर्ड डॉइझी यांनी १९३९ मध्ये लसूणघासापासून त्याचा एक प्रकार आणि कुजलेल्या मासळीच्या कुटापासून दुसरा प्रकार शुद्ध स्वरूपात मिळविला. १९४३ चे नोबेल पारितोषिक या दोघांना विभागून मिळाले.

एवढ्याने ते द्रव्य आहे हे कळले. ते नेमके करते काय, हे उमगावयास १९७४ साल उजाडावे लागले. रक्त साकळविणारी जी प्रथिने यकृतात तयार होतात त्यांपैकी प्रोथ्रॉम्बिन हे मुख्य होय. त्याच्या साखळीच्या एका टोकास ग्लुटामिक आम्लाचे दहा घटक असे असतात की, त्यांतील प्रत्येकावर कार्बन डायऑक्साइडचा एकेक रेणू चढविल्याखेरीज ते प्रथिन तयार होऊनही निकामीच राहते. तो चढला म्हणजे त्या जागी दोन ऋणभारित गट शेजारीशेजारी येतात, चिमट्याच्या दोन पात्यांत धरावा तसा कॅल्शियम त्यांत पकडला जातो, आणि त्या कॅल्शियमच्या मध्यस्थीने प्रोथ्रॉम्बिन जखमेपाशी गोळा झालेल्या बिंबाणूंच्या पृष्ठभागावर जाऊन ठाण मांडते. हा रेणू चढविण्याचे काम कार्बॉक्सिलेज नावाचे विकर करते. ते काम सोपे नाही; कारण ज्या कार्बनवर नवा गट बसवावयाचा त्यावरील हायड्रोजन आधी उपटून काढावा लागतो, त्यासाठी अतितीव्र अल्कधर्मी द्रव्य लागते, आणि पेशीच्या सौम्य जलमय परिसरात असले द्रव्य सहजासहजी आढळत नाही. ते आढळते के जीवनसत्त्वाच्या आत्मव्ययातून. त्याचे हायड्रोक्विनोन नावाचे जे क्षपित रूप असते ते प्राणवायूशी संयोग पावते, त्या संयोगात निमिषमात्र तो तीव्र अल्कधर्म प्रकट होतो, हायड्रोजन सुटतो, कार्बन डायऑक्साइड आपल्या जागी बसतो, आणि जीवनसत्त्व स्वतः मात्र एपॉक्साइड या निस्तेज अवस्थेत मागे उरते. एका घटकास एक रेणू असा हा चोख हिशेब आहे. एक प्रोथ्रॉम्बिन कामास लायक व्हावे यासाठी अशा दहा आहुती पडतात.

आता जमाखर्च पाहावा. प्रौढ मनुष्यास दिवसाकाठी हे जीवनसत्त्व लागते ते शंभराच्या आतबाहेर मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा सुमारे दहा हजारावा भाग. आणि मेदात विरघळणारे असूनही, अ जीवनसत्त्वाचा साठा जसा महिनोन्महिने पुरतो तसा याचा पुरत नाही. शिल्लक तुटपुंजी, आवक किरकोळ आणि खर्च अव्याहत, अशा खजिन्याचे दिवाळे केव्हाच वाजावयाचे. ते वाजत नाही, याचे कारण असे की, त्याच पेशीत, कार्बॉक्सिलेज ज्या पटलांच्या जाळ्यात काम करते त्याच जाळ्यात, दुसरे एक विकर तैनात असते. के जीवनसत्त्व एपॉक्साइड रिडक्टेज हे त्याचे लांबलचक नाव. आपण त्याला येथे नुसते रिडक्टेज म्हणू. खर्ची पडलेले एपॉक्साइड ते हाती घेते, त्यावर चढलेला ऑक्सिजन काढून टाकते, आणि दोन टप्प्यांत त्याला पुनश्च हायड्रोक्विनोनच्या रूपात उभे करते. तोच रेणू पुन्हा वेदीवर जातो, पुन्हा जळतो, पुन्हा सावरला जातो.

आकाराने हे विकर अगदीच लहान आहे. कार्बॉक्सिलेजच्या साखळीत अमिनो आम्लांचे ७५८ घटक, तर याच्या साखळीत अवघे १६३. कार्बॉक्सिलेजचे जनुक १९९१ मध्ये हाती आले. याचे जनुक, असे काही विकर असले पाहिजे हे तत्पूर्वी तीस वर्षे ठाऊक असूनही, २००४ पर्यंत कोणाच्या हाती लागले नाही. आणि लागले तेव्हा जर्मनीतील वुर्झबुर्ग व अमेरिकेतील चॅपल हिल येथील दोन गटांना एकाच वेळी लागले. या विलंबास प्रयोगशाळेतील अडचणी जबाबदार होत्या हे मी जाणतो. तरीही जो करतो त्याचा पत्ता आधी लागावा आणि जो सावरतो त्याचा मागाहून लागावा, हा क्रम मनुष्याच्या एकंदर चौकशांच्या शिरस्त्यास धरूनच आहे.

शिवाय या सावरणाऱ्याची जाणीव जगाला प्रथम झाली ती त्याच्या कामावरून नव्हे, तर ते काम बंद पडल्यावरून. १९२० नंतरच्या दशकात कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तर भागातील गोठ्यांत एक चमत्कारिक रोग शिरला. स्वीट क्लोव्हर नावाचे गवत तेथील शेतकरी हिवाळ्यासाठी वाळवून ठेवीत. ते ओलसर राहून त्यावर बुरशी चढली आणि गुरांनी ते खाल्ले, म्हणजे काही आठवड्यांनी, शिंगे कापण्यासारख्या किरकोळ जखमेनेही जनावराचे रक्त वाहू लागे ते थांबतच नसे. ओंटारिओमध्ये स्कोफील्ड आणि नॉर्थ डकोटामध्ये रॉडरिक या पशुवैद्यांनी दोष त्या चाऱ्याचा आहे हे दाखवून दिले होते. नवा चारा विकत घ्यावा तर मंदीचे दिवस. १९३३ च्या फेब्रुवारीत, भर हिमवादळात, एड कार्लसन नावाचा विस्कॉन्सिनचा एक शेतकरी आपल्या ट्रकमध्ये एक मेलेली कालवड, शंभरेक पौंड नासका चारा आणि दुधाच्या कॅनमध्ये भरलेले, साकळण्याचे नाव न घेणारे रक्त घेऊन जवळजवळ दोनशे मैल गाडी हाकीत मॅडिसन येथे आला. सुटीमुळे सरकारी पशुवैद्याची कचेरी बंद होती. म्हणून तो विद्यापीठातील कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेच्या दारात जाऊन उभा राहिला. चारा बदला, जमल्यास रक्त द्या, एवढाच सल्ला लिंक त्याला देऊ शकले, आणि तो मनुष्य तसाच त्या वादळात परत गेला. परंतु रक्ताचा तो कॅन मागे राहिला होता. सहा वर्षांच्या खटपटीनंतर, १९३९ मध्ये, त्या प्रयोगशाळेत नासक्या चाऱ्यातील अपराधी द्रव्याचे स्फटिक मिळाले. चाऱ्याला ज्यामुळे सुगंध येतो त्या निरुपद्रवी कुमारिनापासूनच बुरशीच्या क्रियेने ते घडत होते. पुढे त्याच घराण्यातील एक कृत्रिम द्रव्य उंदीर मारण्यासाठी १९४८ मध्ये बाजारात आले, आणि ज्या विस्कॉन्सिन अॅलम्नाय रिसर्च फाउंडेशनने त्या संशोधनास पैसा पुरविला तिच्या आद्याक्षरांवरून त्याचे नाव वॉरफरिन असे पडले.

वॉरफरिन नेमके कोणाला अडविते? जो आहुती देतो त्या कार्बॉक्सिलेजला ते हातही लावीत नाही. ते जाऊन बसते रिडक्टेजवर. म्हणजे यज्ञ चालू राहतो, समिधा जळत राहतात, फक्त जळालेले सावरणारे कोणी उरत नाही, आणि हळूहळू सारे जीवनसत्त्व एपॉक्साइडच्या रूपात पडून राहते. म्हणूनच या औषधाचा गुण पहिल्या दिवशी दिसत नाही. पूर्वी तयार झालेले प्रोथ्रॉम्बिन रक्तात काही दिवस टिकून असते, आणि ते ओसरत जाते तसतशी नव्या मालाची उणीव भासू लागते. १९५१ मध्ये अमेरिकन सैन्यातील एक तरुण हे विष पोटात जाऊनही के जीवनसत्त्वाच्या उपचाराने पूर्ण बरा झाला, तेव्हा जे उंदरास मारते त्याने मनुष्यास तारताही येईल असा धीर वैद्यांना आला. आणि १९५५ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला असता त्यांनाही तेच देण्यात आले. आज आपल्याकडे संधिवातज्वराने हृदयाची झडप निकामी होऊन कृत्रिम झडप बसविलेले कितीतरी रुग्ण याच वर्गातील गोळी रोज घेतात, दर काही आठवड्यांनी रक्त तपासून आकडा वहीत टिपून ठेवतात, आणि या आठवड्यात मेथी-पालक जास्त झाला काय या डॉक्टरांच्या प्रश्नाला घरची सून उत्तर देते.

आता तो मूळ वाद पुन्हा उघडू. वॉरफरिन हा चंद्रकांत मणी होय, याविषयी कोणाची हरकत नसावी. उत्तेजकही येथे हजर आहे. कारण औषध अंगात असतानाच के जीवनसत्त्वाची मोठी मात्रा दिली तर रक्त पुन्हा साकळू लागते. हे कसे घडते याची उकल २०२२ मध्ये झाली. वॉरफरिन ज्याला अडवू शकत नाही असे एक दुसरेच विकर बाहेरून आलेल्या ताज्या जीवनसत्त्वाला हायड्रोक्विनोनचे रूप देते, असे आढळून आले. मात्र खर्ची पडलेल्या एपॉक्साइडला परत आणणे त्याला साधत नाही. म्हणून तेथे प्रत्येक रेणू एकदाच जळतो, आणि म्हणूनच मात्रा मोठी लागते. वरवर पाहता या साऱ्याने नैयायिकाचाच जय झाला असे वाटेल. कार्बॉक्सिलेज होते तसेच आहे, त्याच्या अंगची कोणतीही शक्ती नष्ट झालेली नाही, प्रतिबंधक तेवढा आडवा आला आहे. परंतु किंचित थांबून पाहिले तर दोन्ही पक्षांच्या नजरेतून निसटलेली एक गोष्ट दिसते. त्यांच्या उदाहरणातील अग्नी कधी थकत नाही. दाह केल्याने दाहशक्ती उणावते, असे ना मीमांसक म्हणतो ना नैयायिक. शक्तीला घाला पडलाच तर तो बाहेरच्या मण्याकडून. यकृतातील व्यवहारात मात्र कार्य हेच कारणाला खाऊन टाकते. येथे ज्याला शक्ती म्हणावयाची ते हायड्रोक्विनोन हे रूप प्रत्येक कार्याच्या पोटी नष्ट होते आणि प्रत्येक कार्यापूर्वी नव्याने उत्पन्न व्हावे लागते. म्हणजे जो गौरवदोष टाळण्यासाठी नैयायिकाने शक्तीला घराबाहेर काढले, नेमक्या त्याच गौरवावर निसर्गाने हा प्रपंच उभारला आहे. मीमांसकाचे उदाहरण चुकले असेल. त्याचा कल चुकला नव्हता.

मग रिडक्टेज हे कारण की अन्यथासिद्ध? प्रोथ्रॉम्बिनवरील एकाच घटकापुरता प्रश्न विचाराल तर उत्तर नैयायिकाच्या बाजूने द्यावे लागेल. कार्बॉक्सिलेज आहे, तयार हायड्रोक्विनोन आहे, प्राणवायू आहे, कार्बन डायऑक्साइड आहे, कार्य घडले. ते हायड्रोक्विनोन तयार कोणी केले ही चौकशी कुंभाराच्या बापाची चौकशी होय. परंतु दुसऱ्या, दहाव्या, शंभराव्या कार्याचा प्रश्न काढला की तोच बाप एकाएकी घरात येऊन चाकाशी बसतो. आता त्याला वगळून हिशेब लागत नाही. कार्यकारणाचा निर्णय अशा रीतीने आपण मोजणी कशाची करतो यावर फिरतो. एकेक कृती सुटी घेऊन तिला कर्ता नेमून देणारी आपली सारी दप्तरे, मग ती न्यायाधीशाची असोत, इतिहासकाराची असोत किंवा पापपुण्य लिहिणाऱ्या चित्रगुप्ताची असोत, सावरणाऱ्याला नोंदवूच शकत नाहीत. त्याच्यासाठी त्यांत रकानाच नाही. घरोघरीच्या बायकांनी आयुष्यभर जे केले त्याला 'काही करीत नाही' असे शिरगणतीच्या तक्त्यात लिहिले जात असे, ते या रकान्याच्या अभावामुळेच.

यावर एक आक्षेप घेता येतो आणि तो सबळ आहे. सावरणाऱ्याला कारण म्हणाल तर सावरणाऱ्याला सावरणारा कोण? रिडक्टेज आपले काम करते ते आपल्या साखळीतील गंधकयुक्त घटकांच्या एका जोडीतून इलेक्ट्रॉन देऊन. दिल्यावर ती जोडीही खर्ची पडते, आणि तिला पूर्वस्थितीस आणावयास शेजारच्या अन्य प्रथिनांना आपले इलेक्ट्रॉन द्यावे लागतात, त्यांना आणखी कोणी. अशी ती मालिका अन्नापर्यंत व अन्नातून सूर्यापर्यंत जाते. ही अनवस्था झाली. परंतु अनवस्था प्रत्येक ठिकाणी दोषच असते असे नाही. बीज आणि अंकुर यांची परंपरा आपल्या शास्त्रकारांनी निर्दोष मानली आहे, कारण ती कल्पिलेली नसून प्रत्यक्ष दिसते. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अन्न, पर्जन्य, यज्ञ आणि कर्म यांचे जे चक्र वर्णिले आहे तेही याच जातीचे. त्याला आरंभबिंदू शोधणे हा त्याचा हेतूच नव्हे.

येथे एका मोहापासून दूर राहणे इष्ट होय. हे रिडक्टेज फळाची आशा न धरता राबते म्हणून ते निष्काम कर्मयोग्याचा आदर्श आहे, असे कीर्तनी वळण या विषयाला सहज देता येईल. मला ते पटत नाही. ज्याला इच्छा होणेच शक्य नाही त्याच्या निरिच्छेला मोल कसले? शिवाय याच विकराचा एक नातलग क्षयाच्या जंतूंत असतो आणि तेथे तो जंतूंच्या प्रथिनांची घडी नीट बसावी यासाठी इतक्याच निष्ठेने खपत असतो. ऋषींना जीवनसत्त्वे ठाऊक होती असला दावा तर त्याहून केविलवाणा. जे त्यांना ठाऊक होते ते इतकेच, पण ते थोडे नव्हते, की कोणतेही दीर्घकाळ चालणारे कर्म चालता चालताच मोडत असते, आणि ते सांधण्याचे काम हे कर्माचेच अंग आहे.

ही जाणीव श्रौतयागाच्या रचनेतच आहे. यागात चार प्रमुख ऋत्विज असतात. होता ऋचा म्हणतो, अध्वर्यू आहुती देतो व हाताने करावयाची बहुतेक कामे करतो, उद्गाता सामे गातो. चौथा जो ब्रह्मा, तो दक्षिणेस आसनावर बसून राहतो आणि बहुतांश काळ मौन पाळतो. छांदोग्य उपनिषद सांगते की, त्याने अवेळी तोंड उघडले तर यज्ञ एका चाकाच्या गाड्यासारखा कलंडतो. आणि कोणाच्या हातून काही चुकले असता क्षाराने सोने, सोन्याने रुपे, रुप्याने कथील सांधावे तसा तो यज्ञ सांधतो. आता हा मनुष्य म्हणत नाही, गात नाही, आहुती देत नाही; मग यजमानाने त्याला दक्षिणा द्यावयाची ती कशाबद्दल? हा सवाल मी काढलेला नाही, तो ऐतरेय ब्राह्मणातच उघडपणे विचारला आहे, आणि त्याचे उत्तरही तेथेच आहे. ब्रह्मा हा यज्ञाचा वैद्य आहे, म्हणून पूर्वी बाकीचे सारे ऋत्विज एका बाजूस आणि तो एका बाजूस अशी वाटणी होऊन त्याला अर्धा वाटा मिळत असे. पुढे ही वाटणी टिकली नाही. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात सोळा ऋत्विजांचे जे हिस्से ठरविले आहेत त्यांचा टीकाकारांनी केलेला हिशेब पाहिला तर शंभर गायींपैकी अठ्ठेचाळीस चार मुख्यांना मिळून जातात, म्हणजे ब्रह्म्याच्या दावणीला येतात फक्त बारा. ही उतरण कोणत्या यजमानाच्या तक्रारीवरून सुरू झाली असेल याचा तर्क कोणीही करावा. यकृताची साक्ष ऐकल्यानंतर माझे मत मात्र ऐतरेयाच्या जुन्या वाटणीस आहे.